पुरानंतर मुका झालेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कुरुंदवाडातल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पंखा घरघरतो. कळफलकावरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत. मला सुरू केलं की मी पुरता जागा होईपर्यंत घरात चहा होतो आणि पिऊनही होतो. तरी या घरात मला मान आहे, कारण मी बोलतो. मधे मात्र माझी वाचा बसली होती. ती कशी बसली आणि कुणी परत आणली, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कोल्हापूरचा. शाहूपुरीतल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. माझ्याबरोबर माझे बरेच भाऊही तिथे तयार झाले, कारण एका मोठ्या कचेरीने आमची एकदम मागणी केली होती. तिथल्या साहेबांची एक अट होती. यंत्रांचा आवाज मुळातूनच बंद हवा, म्हणजे कारकून मंडळी गाणी ऐकत बसणार नाहीत. दुकानदाराने माझ्या मूळच्या सेटिंगमध्येच तसं करून दिलं. म्हणजे मला गळा होता, पण त्याला जन्मतःच कुलूप होतं.

त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. कचेरीत बोलायचं कामच नव्हतं. पत्रं आणि तक्ते करण्यात दिवस जायचा. माझ्यावर जोतीराम नावाचे एक कारकून काम करायचे. माणूस फार नेटका. घरून आणलेल्या मऊ फडक्याने ते मला रोज पुसायचे आणि खंडेनवमीला झेंडूचा हार घालून हळदकुंकू वाहायचे. "आपला गडी कधी अडत न्हाई," असं ते शेजारच्या टेबलाला सांगायचे, तेव्हा मला धन्य वाटायचं.

पुढे जोतीराम निवृत्त झाले. नवी सडपातळ यंत्रं आली आणि आम्हा सगळ्यांना मागच्या खोलीत नेऊन टाकलं. माझ्यावर जुने फ्लेक्स पडले, फ्लेक्सवर मोडक्या खुर्च्या आल्या. दार उघडलं की उजेडाची एक पट्टी आत यायची आणि दार लागलं की जायची. मी किती दिवस असा पडून होतो, ते मला सांगता येणार नाही.

तिथून मला बाहेर काढलं जिनपालने. जिनपालचं कुरुंदवाडात भांड्यांचं दुकान आहे. कचेरीच्या समारंभांना लागणारी भांडी तो पुरवायचा, म्हणून त्याची तिथे ओळख होती. जुनी यंत्रं मोडीत निघणार असं कानावर आल्यावर त्याने त्यातलं एक आपल्या थोरल्या बहिणीसाठी मागून घेतलं. ते एक म्हणजे मी.

त्या बहिणीचं नाव चंदना. कॉलेजात असताना एका आजारात तिची दृष्टी गेली. आधी तिने बरीच वर्षं घरात बसून काढली. मग कुणीतरी तिला कोल्हापूरच्या पूर्णिमाताईंचं नाव सांगितलं. पूर्णिमाताई स्वतः जन्मापासून अंध आहेत आणि दृष्टी नसलेल्यांना संगणक शिकवतात. पडद्यावर जे जे दिसतं ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याच्या आधाराने कळा दाबत जायचं, माउस नावाच्या उंदराला हात लावायचा नाही, हे चंदना त्यांच्याकडे शिकली. आता तिला घरी सरावाला यंत्र हवं होतं.

कोल्हापुरातल्या एका कारागिराने माझ्या गळ्याचं कुलूप काढलं आणि तो प्रोग्रॅम माझ्यात घातला. जिनपालने मला घरी आणून टेबलावर ठेवलं. चंदनाने कळ दाबली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला. ती तशीच थबकली. मग एकामागून एक कळा दाबत गेली आणि मी बोलत गेलो. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं थांबलो नाही.

त्या घरात तिसरं माणूस म्हणजे दीपा, जिनपालची बायको. ती इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या घरातली. खटाखट चालणाऱ्या मागांच्या शेजारी लहानाची मोठी झालेली, त्यामुळे आवाज मोठा आणि काम झपाट्याचं. मी आलो तेव्हा तिने माझ्यासाठी टेबल पुसून दिलं, माझ्यावर घालायला एक कापडही शिवलं. पण माझ्याजवळ ती कधी बसली नाही. मी बोलायला लागलो की ती स्वयंपाकघरात निघून जायची. मला वाटायचं, तिला माझा आवाज आवडत नसावा.

दिवस चांगले चालले होते. चंदनाचा हात बसला. ऐकलेलं जसंच्या तसं टाइप करण्यात ती इतकी तरबेज झाली की पूर्णिमाताईंनीच तिचं नाव एका कामासाठी सुचवलं. कोल्हापुरातले डॉक्टर पेशंटला तपासून झाल्यावर आपलं म्हणणं बोलून ठेवतात. ते ऐकून टाइप करणारी माणसं एका संस्थेला हवी होती. काम घरी बसून करायचं होतं, पण त्याआधी परीक्षा होती. चंदनाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची नोकरी मिळण्याची आशा दिसत होती. ती घरात गुणगुणत फिरायला लागली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत नद्या फुगल्या.

कुरुंदवाडात पाणी कसं येतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी घाट बुडतात, मग शिवार, मग गल्लीच्या तोंडाशी पाणी येऊन उभं राहतं. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सूचना देत फिरली आणि घराघरांतून सामान वर चढायला लागलं. जिनपालने मला घोंगडीत गुंडाळलं, वर प्लास्टिकचा कागद बांधला आणि खांद्यावर घेऊन शिडीने माळ्यावर चढवलं. दुकानातला माल उचलायचा बाकी असताना त्याने आधी मला उचललं, हे मी विसरणार नाही. मग तिघंही दीपाच्या माहेरी इचलकरंजीला गेली आणि मी माळ्यावर एकटा राहिलो. खाली आमच्याच घरात पाणी डुचमळत होतं, त्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू यायचा.

पाणी ओसरल्यावर तिघं परतली. घरभर चिखल होता. गाद्या भिजून दगड झाल्या होत्या, प्लायवुडचं कपाट फुगून फुटलं होतं. चिखल उपसून झाल्यावर चंदनाने सगळ्यात आधी मला खाली आणायला लावलं. पाणी माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. जिनपालने वायरी जोडल्या. मी सुरू झालो, पंखा फिरला, पडदा उजळला. चंदना कान देऊन बसली. तिने कळ दाबली. पुन्हा दाबली. मी बोलायला गेलो, पण माझ्या गळ्यातून काही निघेना.

मित्रांनो, तुमचा संगणक मुका झाला तर तुमचं एखादं गाणं बुडेल. चंदनाचं तसं नव्हतं. मी गप्प झालो की तिच्यासाठी पडदा, अक्षरं, रस्ता, सगळंच नाहीसं होत होतं.

जिनपाल थकला होता. दुकानात अजून गुडघाभर चिखल होता, त्यात हे. ओल लागून यंत्र गेलं असणार, दिवाळीनंतर नवं घेऊ, असं म्हणून तो दुकानाकडे निघाला. जाताना त्याने मला उचललं आणि बाहेर कट्ट्यावर, भिजलेल्या गाद्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. पुरात खराब झालेलं सामान उचलायला नगरपालिकेचा ट्रॅक्टर गल्लोगल्ली फिरत होता.

थोड्या वेळाने चंदनाचा हात टेबलावर फिरला. टेबल मोकळं होतं. तिने दीपाला विचारलं आणि दीपाने खरं ते सांगितलं. चंदना भिंतीला धरत बाहेर आली, गाद्या चाचपल्या, फुटक्या कपाटाची फळी चाचपली आणि मग तिचा तळवा माझ्या डोक्यावर टेकला. ती तिथेच पायरीवर बसली. गल्लीच्या वळणावर ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती. तिने कुणाला हाक मारली नाही, रडलीही नाही. नुसती माझ्यावर हात ठेवून बसून राहिली.

दीपा दारात उभी होती. तिने पदर खोचला, पुढे येऊन मला दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेऊन टेबलावर ठेवलं.

"परीक्षा कधी हाय, आक्का?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी."

"मग बघूया की काय झालंय ते. काय करायचं सांगा."

चंदनाने पूर्णिमाताईंना फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजात माझ्याशेजारी ठेवला. पूर्णिमाताईंनी पायरीपायरीने विचारायला सुरुवात केली. स्पीकर चालतो का ते आधी बघा, म्हणाल्या. दीपाने स्पीकरची वायर माझ्यातून काढून मोबाइलला लावली, तर स्पीकर खणखणीत बोलला. म्हणजे दोष त्याच्यात नव्हता. तिने वायर पुन्हा माझ्यात लावली. मग पडद्याच्या कोपऱ्यातलं कर्ण्याचं चित्र कसं दिसतंय, असं त्यांनी विचारलं. दीपाने वाकून बघितलं आणि सांगितलं की त्याच्यावर तांबडी फुली आहे. आवाजाच्या सेटिंगचं पान उघडायला सांगितलं, तर ते पान रिकामं निघालं. आवाज लहान-मोठा करायची पट्टीसुद्धा हलत नव्हती.

इथवर खुणा बघून झालं. आता वाचायची वेळ आली आणि दीपाने हात मागे घेतला.

"आक्का, फुडं सगळं इंग्रजी हाय. मी मराठी शाळंत शिकलेली. मला न्हाई जमायचं."

"तू शब्द वाचूच नको," चंदना म्हणाली. "एकेक अक्षर सांग. शब्द मी जुळवते."

तशी त्यांची गाडी चालू झाली. कुठली कळ दाबायची ते चंदनाच्या बोटांना पाठ होतं, आणि पडद्यावर काय उमटलं ते दीपा एकेक अक्षर करून सांगत होती. माझ्या सगळ्या भागांची नावं दाखवणारं पान त्यांनी उघडलं. कळफलकाचं नाव होतं, पडद्याचं होतं. आवाजाच्या भागाचं नावच नव्हतं. दीपाने वरून खाली आणि खालून वर, बोट लावून बघितलं.

पूर्णिमाताई विचारात पडल्या. त्यांचं म्हणणं असं, की नाव असतं आणि त्यावर पिवळी खूण असती, तर आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा घालून भागलं असतं. पण नावच नाही म्हणजे आपल्याला गळा आहे हेच या यंत्राला माहीत नाही. चंदनाचा चेहरा उतरला.

दीपा अजून पडद्याकडेच बघत होती.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "ह्येच्यात तारीख चुकीची हाय. साल बी लई जुनं दावतंय."

फोनमधून पूर्णिमाताईंचा आवाज एकदम सावध झाला. त्यांनी तारीख पुन्हा वाचायला लावली आणि मग समजावून सांगितलं. संगणकाच्या पोटात नाण्याएवढा एक गोल सेल असतो. वीज नसतानाही तारीख, वेळ आणि आतली बदललेली सेटिंग लक्षात ठेवायचं काम त्याचं. माळ्यावर पडून असताना तो संपला असणार. मग यंत्र आपलं मधलं आयुष्य विसरून जन्माच्या वेळी होतं तसं झालं.

मला माझंच कोडं उलगडलं, मित्रांनो. कोल्हापूरच्या कारागिराने काढलेलं कुलूप पुन्हा लागलं होतं.

दीपा पायात चपला अडकवून बाजारात गेली. बाजार अजून उघडला नव्हता. घड्याळं दुरुस्त करणारे पिराजी आपल्या दुकानातला गाळ घमेल्याने बाहेर टाकत होते. तिने सेल मागितल्यावर त्यांनी हात धुतले, स्टुलावर चढून अगदी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि त्यातून सेल शोधून दिला.

ती परत आल्यावर दोघींनी माझी वीज काढली आणि कडेचा पत्रा उघडला. माझ्या आत जाळीजळमटं आणि धुळीचे पुंजके होते. दीपाला इतक्या तारांच्या गुंत्यात सेल काही सापडेना. मग चंदनाने हात आत घातला. तिची बोटं कडांवरून सरकत गेली, एका जागी थांबली. तिने नखाने एक खटका दाबला आणि जुना सेल वर आला. त्याच जागी तिने नवा बसवला.

आता मला सुरू करून, लगेच एक कळ पुन्हा पुन्हा दाबून, माझ्या अगदी आतल्या निळ्या पानावर पोचायचं होतं. आतली सगळी सेटिंग तिथे असते. पूर्णिमाताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की त्या पानावर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम चालत नाही. यंत्र धडधाकट असलं तरी चालत नाही. तिथे डोळस माणूसच लागतं. पहिल्या खेपेला कळ उशिरा दाबली गेली, म्हणून मला बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं. मी माझ्या सवयीप्रमाणे सावकाश होतो. त्या वाट बघण्यात दीपा बोलली.

"ह्यो बोलाय लागला तवापास्नं तुमी मला पेपर वाचाय हाक मारली न्हाई."

चंदनाने मान तिच्याकडे वळवली. मी येण्याआधी रोज दुपारी दीपा तिला पेपर वाचून दाखवायची, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

"तुला कामं असतात," चंदना म्हणाली. "तुझा त्रास वाचंल, असं वाटलं मला."

"त्रास कसला त्यात? दिवसभरात माझं तेवढंच बसणं हुतं, आक्का. तुमच्यासंगं."

चंदनाने हात पुढे करून दीपाचा हात शोधला आणि धरून ठेवला. तेवढ्यात पडदा निळा झाला.

दीपा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि वाचायला लागली. एकेका ओळीला वेळ लागत होता. कधी 'बी'चा 'डी' व्हायचा, मग चंदना पुन्हा विचारायची. तारीख दुरुस्त करून झाली. मग त्या दुसऱ्या पानावर गेल्या, तिथून तिसऱ्या. एका ओळीवर दीपाचं बोट थांबलं.

"ओ, एन, बी, ओ, ए, आर, डी."

"ऑनबोर्ड. फुडं?"

"ए, यू, डी, आय, ओ."

"ऑडिओ." चंदनाचा आवाज बारीक झाला. "त्याच्यासमोर काय लिहिलंय?"

"डी, आय, एस, ए, बी," दीपा सावकाश सांगत होती, "एल, ई, डी."

चंदनाला हसू आलं. ते कडू नव्हतं.

"डिसेबल्ड," ती म्हणाली. "हा शब्द मला पाठ हाय, दीपा. माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ह्योच लिहिलाय."

दीपाने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"त्येच्याखाली दुसरा शब्द हाय," दीपा म्हणाली. "ई, एन, ए, बी, एल, ई, डी. ह्यो घेऊ काय?"

"घे."

दीपाने कळ दाबली. नवं सगळं जपून ठेवायची कळ चंदनाने सांगितली, तीही दाबली. पडदा काळा झाला. मी पुन्हा सुरू व्हायला लागलो. चहा ठेवायला कुणी उठलं नाही. कोपऱ्यातल्या कर्ण्यावरची फुली गेल्याचं दीपाला आधी दिसलं, पण ती बोलली नाही. तिने ते मलाच बोलू दिलं.

मी बोललो. चंदनाने तारखेची कळ दाबली होती, म्हणून मी तारीख सांगितली. साल बरोबर होतं, महिना बरोबर होता. चंदनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दीपाने माझ्या डोक्यावर एक थाप मारली. जोरात मारली, पण मला ती खंडेनवमीच्या हारापेक्षा गोड वाटली.

संध्याकाळी जिनपाल चिखलाने भरलेला परत आला आणि माझा आवाज ऐकून दारातच उभा राहिला. त्याने काय झालं म्हणून विचारलं नाही. हातपाय धुतले, मग येऊन माझ्या उघड्या पोटातली धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने काढली आणि पत्रा लावून टाकला. दुसऱ्या दिवशी चंदनाची परीक्षा त्याच्या मोबाइलच्या इंटरनेटवर झाली. ती संपेपर्यंत तो दुकानात गेला नाही, मोबाइल खिडकीत धरून उभा राहिला.

चंदनाची निवड झाली. आता कोल्हापूरच्या डॉक्टरांचे आवाज रोज माझ्याकडे येतात. पण औषधांची नावं मोठी अवघड. दोन नावं कानाला सारखी लागतात आणि लिहिताना वेगळी असतात. म्हणून चंदना टाइप करते आणि दीपा शेजारी बसून प्रत्येक नाव डॉक्टरांनी पाठवलेल्या यादीशी ताडून बघते. आता ती एकेक अक्षर सांगत नाही, सरळ शब्द वाचते. संस्थेतल्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दीपालाही कामावर घेतलं. आता घरातून दोन माणसं नोकरीला आहेत आणि दोघींच्या खुर्च्या माझ्यासमोर आहेत.

मी किती दिवस चालेन, ते माहीत नाही. पंख्याची घरघर वाढली आहे. पुढच्या पावसाळ्यात नद्या काय करतील, तेही सांगता येत नाही. पण जिनपालने माळ्यावर माझ्यासाठी पक्की फळी ठोकली आहे, आणि सेलची एक पुडी नव्या कपाटात ठेवली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. ते एकाएकी बोलेनासं झालं तर लगेच कट्ट्यावर नेऊन ठेवू नका. त्याची वायर बघा, त्याची तारीख बघा, कुणा जाणत्याला विचारा आणि न घाबरता एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा बिघाड नाण्याएवढाच असतो. आणि घरातलं एखादं माणूस गप्प झालं असेल, तर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. माणसाला पत्रा आणि स्क्रू नसतात. त्याला विचारावंच लागतं.